निष्काम सेवा की रोजंदारी?

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बिद्री लागते. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे या गावाचे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले. कागल, भुदरगड, राधानगरी आणि करवीर या तालुक्यांचा ऊस इथे येतो आणि उसाबरोबर या चारी तालुक्यांचे राजकारणही येते. कारखान्याची निवडणूक असो, गावची यात्रा असो, गणपतीचे विसर्जन असो वा एखाद्या मंत्र्याची सभा असो, पोलिसांच्या बरोबरीने आणि बहुधा त्यांच्यापेक्षा एक पाऊल पुढे, गर्दीच्या अगदी तोंडाशी, खाकी गणवेशातला आणखी एक तरुण हातात काठी घेऊन उभा असतो. लोक त्याला पोलीस समजून पत्ता विचारतात आणि पोलीस समजूनच शिव्याही देतात. वस्तुतः तो होमगार्ड असतो. एक-दीड एकर उसावर घर चालत नाही म्हणून वर्षातले काही महिने गुऱ्हाळावर, काही महिने गवंड्याच्या हाताखाली आणि बोलावणे येईल तेवढे दिवस बंदोबस्तावर, असे त्याचे पंचांग असते. ज्या दलात तो आहे त्या दलाचे ब्रीदवाक्य मात्र आहे, ‘निष्काम सेवा’.

हे ब्रीद आणि हे पंचांग यांचा मेळ कसा बसतो, याचा विचार आपल्या चळवळीने फारसा केलेला नाही. साखर कामगार, ऊसतोडणी मजूर, हमाल, अंगणवाडी सेविका यांच्या प्रश्नांवर आपण मोर्चे काढले, ठराव केले, तुरुंगही भोगले. होमगार्ड तेवढा आपल्या नजरेतून निसटला. याचे एक कारण उघड आहे: मोर्चा निघतो तेव्हा तो दोराच्या पलीकडच्या बाजूला उभा असतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कागदोपत्री तो कामगारच नाही, तो स्वयंसेवक आहे. आणि स्वयंसेवकाला मागण्या नसतात, अशी एक सोयीस्कर समजूत सरकारने रूढ केली आहे.

या दलाचे स्थान नीट समजण्यासाठी प्रथम घटनेकडे पाहिले पाहिजे. आपल्या राज्यघटनेने लष्कर हा विषय सर्वस्वी केंद्राकडे ठेवला. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय राज्यांकडे दिले. तेव्हा राज्य सरकारला सैन्य बाळगण्याचा अधिकार नाही. अमेरिकेत हा प्रकार निराळा आहे. तेथे टेक्सस, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया यांसारख्या राज्यांना स्वतःची स्वयंसेवी लष्करी दले आहेत. नॅशनल गार्डला वॉशिंग्टनचे सरकार आपल्या हुकमतीखाली घेऊ शकते. या राज्यदलांना तसे घेता येत नाही, ती गव्हर्नरच्या आज्ञेत राहतात. या मोकळिकीतून काय निघू शकते ते फ्लोरिडात दिसले. तेथील गव्हर्नरने, दुसऱ्या महायुद्धानंतर मोडीत निघालेले राज्यदल २०२२ साली पुन्हा उभे केले आणि हे त्याचे खासगी सैन्य तर होणार नाही ना, अशी शंका विरोधकांनी लगोलग बोलून दाखवली. आपल्याकडे तो धोका घटनेनेच बराचसा टाळला आहे. आपल्याकडे स्वयंसेवी म्हणावीत अशी गणवेशधारी दले दोन: केंद्राची टेरिटोरियल आर्मी म्हणजे प्रादेशिक सेना आणि राज्याचे होमगार्ड म्हणजे गृहरक्षक दल. कोल्हापूर जिल्ह्याला दोहोंचा परिचय आहे. टेंबलाई टेकडीवर मराठा लाईट इन्फंट्रीची १०९ वी प्रादेशिक सेनेची बटालियन आहे आणि गृहरक्षक दलाचे कार्यालय तर प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी असते.

होमगार्डची स्थापना मुंबईत ६ डिसेंबर १९४६ रोजी झाली. त्या वर्षी देशभर जातीय दंगलींचा वणवा पेटला होता आणि मुंबईही त्यातून सुटली नव्हती. प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते आणि गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. दंगलीच्या वेळी पोलिसांच्या मदतीला सामान्य नागरिकांनी उतरावे, या कल्पनेतून हे दल उभे राहिले आणि १९४७ मध्ये त्यासाठी मुंबई होमगार्ड कायदा झाला. मोरारजीभाईंच्या एकंदर राजकारणाबद्दल या पानावर वेगळे काही सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु हा कायदा ज्या दृष्टीने लिहिला गेला ती दृष्टी आजच्या व्यवहारापेक्षा पुष्कळच उदार होती, हे मान्य केले पाहिजे. बोलावणे आल्यावर होमगार्डला पोलिसाचे सर्व अधिकार आणि पोलिसाला मिळणारे सर्व संरक्षण मिळेल, तो कायद्याच्या अर्थाने लोकसेवक समजला जाईल, असे त्यात म्हटले. त्याच वेळी, केवळ होमगार्डचा सभासद आहे म्हणून कोणीही विधिमंडळाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या निवडणुकीस अपात्र ठरणार नाही, अशीही तरतूद केली. सरकारी नोकराला ही मुभा नसते. ती होमगार्डला दिली, याचाच अर्थ कायद्याने त्याला नोकर मानले नव्हते, नागरिक मानले होते. आपला धंदा, आपली शेती, आपली वकिली सांभाळून गावावर प्रसंग आला की गणवेश चढवणारा आणि प्रसंग टळला की तो उतरवून ठेवणारा नागरिक.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर केंद्र सरकारने सर्व राज्यांना आपापली स्वयंसेवी दले एकत्र करून होमगार्ड या एकाच नावाखाली आणण्यास सांगितले आणि मुंबईचा हा नमुना देशभर गेला. प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ चा आणि तिचे उद्घाटन ९ ऑक्टोबर १९४९ चे, राजगोपालाचारी यांच्या हस्ते. तिचेही तत्त्व हेच: ही सेना म्हणजे नोकरी नाही, उपजीविकेचे साधन नाही. तिच्यात अधिकारी होऊ इच्छिणाऱ्याला स्वतःचे उत्पन्नाचे साधन असावे लागते.

आता नियमाच्या पोटात काय गृहीत धरले आहे ते पाहू. महाराष्ट्रात होमगार्डच्या सभासदत्वासाठी अलीकडच्या भरतीत ज्या अटी होत्या त्या अशा: दहावी उत्तीर्ण, वय २० ते ५०, उंची पुरुषांस १६२ सेंटिमीटर व स्त्रियांस १५०, पुरुषांची छाती न फुगवता ७६ आणि फुगवून ५ अधिक, पुरुषांना १६०० मीटर व स्त्रियांना ८०० मीटर धावणे, त्याखेरीज गोळाफेक. उमेदवार स्थानिक रहिवासी हवा, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला हवा. सभासदत्व ३ वर्षांचे, पुढे नूतनीकरण. ३ वर्षे सेवा झालेल्यास पोलीस, वनखाते आणि अग्निशमन दलाच्या भरतीत ५ टक्के आरक्षण. आणि खासगी ठिकाणी काम करीत असल्यास मालकाचे ना हरकत प्रमाणपत्र.

ही शेवटची अट वरवर निरुपद्रवी दिसते. साऱ्या गोष्टीचे मर्म तिच्यातच आहे. मालकाची हरकत नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कामगारावर टाकली आहे. मालकाने त्याला सोडलेच पाहिजे, त्या दिवसांची मजुरी दिलीच पाहिजे किंवा परत आल्यावर त्याच कामावर घेतलेच पाहिजे, असे बंधन मात्र या प्रमाणपत्रात येत नाही. प्रादेशिक सेनेच्या कायद्यात सेवेवरून परतलेल्या माणसाला मूळ नोकरीत परत घेण्याचे कलम आहे.  तेव्हा कारखान्यात कायम असलेला कामगार, दुकानात गुमास्ता असलेला तरुण, सूतगिरणीत पाळीवर जाणारी मुलगी यांनी होमगार्डमध्ये का यावे? गणेशोत्सवाचे दहा-बारा दिवस कामावर गैरहजर राहिल्यास कंत्राटदार दुसरा माणूस घेतो. परिणामी, ज्याला सोडून यावे असे काम आहे तो येत नाही आणि ज्याला असे कामच नाही तो येतो. केंद्रीय गृहखाते आजही सांगते की या दलात डॉक्टर, इंजिनिअर, वकील, विद्यार्थी, शेतमजूर, कामगार अशा सर्व थरांतले लोक आपला फावला वेळ देतात. फावला वेळ! आमच्या भागात ज्याचा सारा वेळच फावला आहे, असा सुशिक्षित बेकार या दलात भरती होतो. तो सेवेसाठी येतो, पण पोटासाठीही येतो आणि त्या ५ टक्क्यांच्या आशेवर येतो. आशेवर येण्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते सरकारचे, जे त्याच्या पोटाची गरज ओळखून त्याला बोलावते आणि हिशेब करताना त्याच्या निष्कामतेवर बोट ठेवते.

हिशेबच करून पाहू. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने होमगार्डचा दैनंदिन कर्तव्य भत्ता ५७० रुपयांवरून १०८३ रुपये केला. वाढ मोठी आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. राज्यातील सुमारे ४० हजार होमगार्डांना तिचा लाभ होतो. पण हा दर दिवसाचा आहे आणि दिवस किती मिळावेत हे सभासदाच्या हाती नाही. महिनाभर काम मिळाले तर ३२ हजार ४९० रुपये होतात. समजा, एखाद्याला वर्षात ६० दिवस बोलावले, तर त्याची वर्षाची कमाई ६४ हजार ९८० रुपये, म्हणजे महिन्याला ५ हजार ४१५ रुपये. एवढ्या पैशात कागल तालुक्यात कोणाचे घर चालत असेल तर त्याने ते अवश्य दाखवून द्यावे. शिवाय बोलावणे केव्हा येईल हे आधी ठाऊक नसल्यामुळे दुसरे नियमित काम धरता येत नाही. धरले तर बंदोबस्त बुडतो आणि बंदोबस्त वारंवार बुडवणाऱ्याचे नूतनीकरण धोक्यात येते.

बिद्रीच्या वाचकाला याची तुलना दूर कुठे शोधावी लागणार नाही. साखर कारखान्यातला हंगामी कामगार गळीत हंगाम संपला की घरी बसतो. पुढच्या हंगामात तो परत येणार आहे, कारखान्याला त्याची गरज लागणार आहे, म्हणून बिगरहंगामाच्या काळात त्याला वेतनाचा काही हिस्सा मिळतो. यालाच कामगार ‘रिटेन्शन अलाउन्स’ म्हणतो आणि हा शब्द आपल्या गावोगावच्या अशिक्षित म्हाताऱ्यांनाही पाठ आहे. साखर कामगारांच्या संघटनांनी तो लढून मिळवला. त्यामागचे तत्त्व साधे आहे: मला वर्षभर तुमच्यासाठी तयार राहायला सांगत असाल तर तयार राहण्याचीही किंमत द्या. होमगार्डकडून नेमके हेच मागितले जाते. त्याने गणवेश इस्त्री करून ठेवायचा, कवायतीला हजर राहायचे, शरीर धावण्याजोगे ठेवायचे, गाव सोडून दूर कामाला जायचे नाही, आणि दूरध्वनी आला की ठाण्यात हजर व्हायचे. या तयारीची किंमत शून्य. सहकारी कारखान्याला जे बंधन लागू होते ते महाराष्ट्र सरकारला लागू होऊ नये, याचे समर्थन कसे करता येईल?

न्यायालयाने या प्रश्नाचा विचार केलेला आहे, आणि तो अर्ध्यावर थांबला आहे. हिमाचल प्रदेशातील होमगार्डांच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च २०१५ रोजी निकाल दिला. हे दल स्वयंसेवी असल्याने सभासदांना सेवेत कायम करण्याचा हक्क नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र ३० दिवसांचा भत्ता मिळून पोलीस शिपायाच्या किमान वेतनाइतका व्हावा, अशा दराने राज्यांनी भत्ता द्यावा, असा आदेशही दिला. महाराष्ट्रात आज जो १०८३ चा आकडा आला आहे तो या तत्त्वाच्या जवळ जाणारा आहे; तो यायला साडेनऊ वर्षे लागली. निकालाचा दुसरा अर्थ मात्र सरकारांनी आपल्या पथ्यावर पाडून घेतला. पोलिसाचे काम, पोलिसाचा दर, परंतु पोलिसाची रजा नाही, निवृत्तिवेतन नाही, कायमपणा नाही.

‘भत्ता’ हा शब्दही मोठा मासलेवाईक आहे. सरकारला ज्याला कामगार म्हणायचे नसते त्याच्या कमाईला ते वेतन म्हणत नाही. अंगणवाडी सेविकेला ‘मानधन’, आशा सेविकेला ‘मोबदला’, होमगार्डला ‘भत्ता’. शब्द बदलला की कामगार कायदे दाराबाहेर राहतात. परंतु हे कायमचे चालत नाही. अंगणवाडी सेविकांना मानधन मिळते म्हणून त्यांना ग्रॅच्युइटी नाही, हा गुजरात सरकारचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये फेटाळला आणि ग्रॅच्युइटीचा कायदा त्यांना लागू केला. त्या निकालामागे देशभरच्या सेविकांच्या संघटनांची अनेक वर्षांची झुंज होती. होमगार्डांच्या मागे तशी शक्ती अद्याप उभी राहिलेली नाही.

या भागाला हा प्रश्न नवा नाही, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. बिद्रीपासून दक्षिणेला भुदरगड आहे, त्यापलीकडे गडहिंग्लजजवळ सामानगड. या गडांवरच्या शिबंदीला, म्हणजे गडकऱ्यांना, चाकरीच्या बदल्यात वंशपरंपरेने जमिनी होत्या. कोल्हापूरच्या गादीवर अल्पवयीन राजा असताना इंग्रजांच्या मर्जीतल्या कारभाऱ्याने या जमिनींचा कारभार मामलेदारांच्या हाती देण्याचा घाट घातला. १८४४ मध्ये गडकऱ्यांनी सामानगडाचे दरवाजे लावून घेतले, भुदरगड उठला आणि कंपनी सरकारला तोफा आणाव्या लागल्या. त्या उठावाला स्वातंत्र्ययुद्ध म्हणावे की वतनासाठीचा झगडा, यावर इतिहासकारांनी वाद घालावा. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की, शस्त्र धरणाऱ्या सामान्य माणसाची चाकरी हवी आणि तिची हमी नको, असा कारभार या मुलखाने पूर्वीही पाहिला आहे आणि तो मुकाट्याने सोसलेला नाही.

त्याच भुदरगड तालुक्यातल्या गारगोटीला १३ डिसेंबर १९४२ रोजी सरकारी कचेरीवर चालून गेलेल्या क्रांतिकारकांपैकी सात जण गोळीबारात हुतात्मा झाले. पलीकडे साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने तुफान सेना उभारली होती. त्याआधी, ४ जून १९४१ रोजी, पुण्यात राष्ट्र सेवा दल स्थापन होऊन एसेम जोशी त्याचे दलप्रमुख झाले होते. हे खरे स्वयंसेवक. त्यांना कोणी भत्ता दिला नाही आणि त्यांनी मागितलाही नाही. परंतु कोणासाठी आणि कशासाठी आपण रांगेत उभे आहोत, हे त्यांना ठाऊक होते आणि ते ठरवण्यात त्यांचा वाटा होता. स्वयंसेवकाच्या निष्कामतेला हा पाया लागतो. वरून आलेला हुकूम पाळणे एवढेच ज्याच्या वाट्याला आले, त्याच्याकडून निष्कामतेची अपेक्षा करणे म्हणजे त्याला फुकट राबवणे होय.

समाजवादी विचारात नागरिकांच्या सैन्याची कल्पना जुनी आहे. जर्मन समाजवाद्यांच्या १८९१ च्या एर्फुर्ट कार्यक्रमात खड्या सैन्याऐवजी जनतेचे सैन्य असावे, ही मागणी होती. फ्रान्समध्ये ज्यां जोरेस यांनी १९११ मध्ये याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. इंग्लंडमध्ये तर तो प्रयोग प्रत्यक्ष घडता घडता राहिला. मे १९४० मध्ये हिटलरच्या स्वारीची भीती निर्माण झाली तेव्हा तेथील सरकारने नागरिकांना स्थानिक संरक्षक दलात येण्याचे आवाहन केले. त्याच दलाला पुढे होमगार्ड हे नाव मिळाले आणि तेच नाव सहा वर्षांनी मुंबईने उचलले. लाखो कामगार, कारकून, म्हातारे सैनिक त्यात आले. जॉर्ज ऑरवेल त्यात सार्जंट होता. टॉम विंट्रिंगहॅम, ज्याने स्पेनच्या यादवी युद्धात फॅसिझमविरुद्ध लढणाऱ्या ब्रिटिश बटालियनचे नेतृत्व केले होते, त्याने ऑस्टर्ली पार्क येथे या नागरिकांना लढाईचे शिक्षण देण्याची शाळा काढली. जनतेच्या हाती तिच्या रक्षणाचे साधन आले, असे त्याला वाटले असेल. पण फॅसिस्ट आणि कम्युनिस्ट यांना सभासदत्व नाही असा नियम करण्यात आला, आणि ज्याने या दलाला लढायला शिकवले तो विंट्रिंगहॅम स्वतः त्याचा सभासद होऊ शकला नाही! फॅसिझमशी बंदूक घेऊन लढलेला माणूस आणि फॅसिस्ट यांना एकाच चाळणीने बाहेर काढणारा तो नियम पाहिला की दलाचे चारित्र्य घोषणेत नसते, सभासदत्वाच्या नियमात असते, हे ध्यानात येते. तेव्हा होमगार्डच्या नियमांतली उंची-छातीची मापे दुय्यम आहेत. त्या नियमांनी कोण आत येतो, कोणाच्या हुकमाखाली येतो आणि कोणाविरुद्ध उभा केला जातो, हे पाहिले पाहिजे.

हुकमाचे बोलायचे तर, पूर्वी जिल्हा समादेशक हा गावातला प्रतिष्ठित नागरिक असे. ते पद मानसेवी होते. त्यात स्थानिक मातब्बरांची वर्णी लागे आणि त्याचे दोषही होते, हे नाकारायचे कारण नाही. आता जिल्हा समादेशकाचे काम सामान्यतः अपर पोलीस अधीक्षकाकडे असते. दोष गेले की राहिले ते ज्याचे त्याने ठरवावे. नागरिकांच्या दलाचे नेतृत्व मात्र नागरिकांकडून गेले आणि दल पोलिसांची स्वस्त पुरवणी झाले. भरती रखडली, पदे रिकामी राहिली की ती पोकळी होमगार्डने भरायची. जून २०२२ मध्ये केंद्राने सैन्यासाठी अग्निपथ योजना आणली, ४ वर्षांची नोकरी आणि त्यानंतर जास्तीत जास्त एक चतुर्थांश कायम, ती याच विचारसरणीची थोरली बहीण आहे. कागल-गडहिंग्लजच्या ज्या घरांतून पिढ्यान्पिढ्या एक मुलगा पलटणीत जात असे, त्या घरांना या योजनेचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

आणि कोणाविरुद्ध? हा भाग आपल्या दृष्टीने सर्वांत नाजूक. रेल्वेच्या प्रादेशिक सेनेच्या तुकड्यांत रेल्वेचेच कर्मचारी सभासद असतात. १९६०, १९६८ आणि १९७४ या तिन्ही रेल्वे संपांत या तुकड्यांना पाचारण करून गाड्या चालवण्यात आल्या. मे १९७४ चा संप तर जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली लाखो रेल्वे कामगारांनी केलेला. त्यात कामगाराला गणवेश चढवून त्याच्याच सोबत्याचा संप मोडण्यासाठी उभे केले गेले. नकार दिला तर तो आता संपकरी राहत नाही, सैनिकी हुकमाचा भंग करणारा ठरतो. देशरक्षणासाठी दिलेली शपथ मालकाच्या, इथे तर सरकाररूपी मालकाच्या, कामी येते. साखर कारखान्याच्या फाटकावर उद्या कामगार बसले आणि त्यांच्यासमोर त्यांच्याच गावातला, त्यांच्याच भावकीतला होमगार्ड काठी घेऊन उभा केला गेला, तर दोघांचीही कुचंबणा होते. औद्योगिक कलहात स्वयंसेवी दलाचा वापर होणार नाही, हे नियमातच लिहून घेतले पाहिजे. पुरात, आगीत, साथीत, यात्रेत आणि दंगलीत त्याला बोलवा, संपात नको.

दंगलीत मात्र अवश्य बोलवा, कारण हे दल जन्मले ते त्यासाठीच. ६ डिसेंबर ही त्याची जन्मतारीख. १९९२ साली त्याच तारखेला अयोध्येत मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने त्या दंगलीतल्या पोलिसांच्या पक्षपाताबद्दल जे नमूद केले ते अजूनही वाचण्याजोगे आहे. कोल्हापूरलाही आता या रोगाने गाठले आहे. शाहू महाराजांच्या या शहरात ७ जून २०२३ रोजी दगडफेक झाली, आणि १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याच्या गजापुरात मुसलमानांची घरे आणि मशीद यांवर जमाव चालून गेला. अशा दिवशी चौकात जो उभा असेल तो गावाला ओळखणारा हवा आणि गावातल्या सर्व आळ्यांतून आलेला हवा. मुसलमान, दलित, धनगर, लिंगायत, मराठा अशी सारी नावे ज्या पथकाच्या हजेरीपटावर आहेत, त्या पथकाला जमावाशी बोलता येते. एकाच आळीच्या पथकाला जमावात मिसळून जाण्याचा मोह होतो. स्थानिक रहिवासी असण्याची अट नियमात आहेच. हजेरीपट त्या गावाच्या लोकवस्तीशी ताडून पाहण्याची अट मात्र नाही. ती यायला हवी आणि त्यासाठी पैसा लागत नाही.

पैशाचा मुद्दा निघणारच. तिजोरीवर भार पडेल, स्वयंसेवकाला पगार दिला तर स्वयंसेवा उरते कुठे, असे सांगितले जाईल. यावर आमचे म्हणणे असे की सरकारने दोहोंपैकी एक काय ते ठरवावे. नागरिकांचे स्वयंसेवी दलच हवे असेल तर ते खऱ्या अर्थाने तसे करावे: वर्षातून मोजके दिवस, त्या दिवसांची भरपगारी रजा मालकाने द्यावी असा कायदा, सर्व थरांतून सभासद, नेतृत्वात नागरिक. अशा दलाला १०८३ रुपयांचीही फारशी गरज पडणार नाही. आणि पोलिसांच्या रिकाम्या जागा भरणारे मनुष्यबळच हवे असेल तर त्याला कामगाराचे सर्व हक्क द्यावेत: किमान दिवसांची हमी, न बोलावलेल्या काळाचा रिटेन्शन अलाउन्स, भविष्यनिर्वाह निधी, बंदोबस्तावर अपघात झाल्यास पोलिसाइतकीच भरपाई, आणि नूतनीकरण नाकारल्यास कारण देण्याचे बंधन. आज एकाची नैतिकता आणि दुसऱ्याची गरज अशी सोयीची मोट बांधून सरकार दोन्हीकडून काटकसर करते आहे. कोल्हापूरच्या महापुरांत, २०१९ आणि २०२१ मध्ये, गावोगावची तरुण मंडळे आणि व्हाइट आर्मीसारख्या संघटना पाण्यात उतरल्या तेव्हा त्यांनी दर विचारला नव्हता. स्वयंसेवेचा या मातीत तुटवडा नाही. तिच्या नावावर उधारी चालवणे थांबले पाहिजे, इतकेच.

आपल्या कार्यकर्त्यांना यात करण्याजोगे काम पुष्कळ आहे आणि ते मुंबईला न जाता करता येते. तालुक्याच्या पथकात पटावर किती सभासद आहेत, गेल्या वर्षी प्रत्येकाला किती दिवस बोलावले, भत्ता किती महिन्यांनी हाती पडला, किती जणांचे नूतनीकरण झाले नाही आणि का, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. ५ टक्के आरक्षणातून गेल्या दहा वर्षांत जिल्ह्यातले किती होमगार्ड पोलिसात वा वनखात्यात लागले, हा प्रश्न आमदाराकरवी विधानसभेत विचारता येतो. साखर कामगार संघटनेने आपल्या मेळाव्यात होमगार्डांना बोलवावे. रिटेन्शन अलाउन्स कसा मिळवला याचे धडे द्यायला तिच्याइतके लायक दुसरे कोणी नाही. या मंडळींत बोलण्याची भीती आहे, गणवेश जाईल ही धास्ती आहे. तेव्हा पहिल्या बैठकीत मागण्यांची यादी वाचून दाखवण्याआधी १९४७ च्या कायद्यातली ती निवडणुकीची तरतूद मोठ्याने वाचावी, आणि होमगार्ड राहूनही ग्रामपंचायतीला उभे राहता येते हे खोलीतल्या किती जणांना ठाऊक होते, त्यांचे हात वर करायला सांगावेत.